चिनी मातीत माती किती? जिंगदेझेनच्या कार्यशाळेत बसण्याआधी

लोणच्याची बरणी चिनी मातीची, पाहुण्यांसाठी राखलेली कपबशी चिनी मातीची आणि बाथरूममधलं बेसिनही चिनी मातीचंच. मराठीत हा शब्द आपण ऐसपैस वापरतो. पण फुटलेल्या बरणीची कड पाहा: आतलं अंग करडं किंवा पिवळट असतं, आणि उजेडासमोर धरलं तर पलीकडचं काही दिसत नाही. बरणी ही इंग्रजीत ज्याला स्टोनवेअर म्हणतात त्या जातीतली, म्हणजे दगडासारख्या घट्ट भाजलेल्या मातीची. ज्या वस्तूमुळे हा शब्द मराठीत आला ती पोर्सेलिन. तिचं अंग आतपर्यंत पांढरं असतं, पातळ कडेमागे बोट धरलं की बोटाची सावली दिसते, आणि बुडाच्या झिलई (वरचा काचेसारखा थर) नसलेल्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवला तर तो मुरत नाही. शिवाय टिचकी मारली की नाद येतो. बाजारात मडकं वाजवून घेतात ती परीक्षा इथेही चालते, फक्त मडक्याचा आवाज भरीव असतो आणि पोर्सेलिनचा घंटेसारखा लांबतो.

ही वस्तू शेकडो वर्षं ज्या गावाने जगाला पुरवली ते जिंगदेझेन चीनच्या जिआंग्शी प्रांतात, चांग नदीच्या काठी आहे. सोंग घराण्यातल्या एका सम्राटाच्या राज्यकाळाचं नाव होतं ‘जिंगदे’, त्यावरून १००४ साली गावाला हे नाव मिळालं. २०१४ पासून ते युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत, हस्तकला या वर्गात आहे. चिनी ऑफिसांच्या सहलींमध्ये हे गाव असू शकतं: सकाळी जुन्या भट्ट्या पाहायच्या, दुपारी चाकावर बसायचं, संध्याकाळी बाजार. चीनमध्ये नोकरीला असलेल्या किंवा कामानिमित्त तिकडे जाणाऱ्या मराठी माणसालाही अशा सहलीचं बोलावणं येऊ शकतं. तिथे हातात मातीचा गोळा आला, की तो असा का वागतो आणि केलेला कप त्याच दिवशी का मिळत नाही, हे आधी माहीत असलं तर त्या अर्ध्या दिवसाचं सोनं होतं.

हाड आणि मांस

कुंभार नदीकाठची किंवा तळ्यातली माती आणतो, ती आधीपासूनच मऊ आणि चिकट असते. जिंगदेझेनचा कच्चा माल मात्र डोंगरातून फोडून आणलेला दगड असतो. त्याला पोर्सेलिनचा दगड म्हणू. त्यात मुख्यतः गारगोटीचं खनिज (क्वार्ट्झ) आणि अत्यंत बारीक पांढरा अभ्रक असतो. अभ्रकामुळे दळलेल्या पिठाला थोडी लवचीकता येते, आणि त्यातलं पोटॅश भट्टीत वितळून सगळ्याला सांधतं. सोंग काळात बहुतेक भांडी या एकाच दगडाची होत. अडचण अशी की हा दगड एकटाच असला तर तो साधारण १२०० ते १२५० अंश सेल्सिअसच्या वर मऊ पडू लागतो. वाटीचं निभावतं, मोठी परात भट्टीतच खचते.

सोंगांनंतरच्या युआन काळात (१३-१४ वं शतक) त्यात दुसरी वस्तू मिसळायला लागले: गावाच्या ईशान्येला गाओलिंग नावाच्या डोंगरावर सापडणारी पांढरी माती. गाओलिंग म्हणजे ‘उंच कडा’. जगभर हिला केओलिन म्हणतात ते याच डोंगरामुळे, आणि तिथल्या जुन्या खाणींची तोंडं आजही पाहता येतात. केओलिनमध्ये अ‍ॅल्युमिना भरपूर असतं, त्यामुळे ती सहजासहजी वितळत नाही. ती मिसळल्यावर भांडं १३०० अंशांच्या आसपास उभं राहायला लागलं, आणि हातभर रुंदीच्या पराती व उंच फुलदाण्या शक्य झाल्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १३५१ सालचा लेख असलेली निळ्या नक्षीच्या फुलदाण्यांची जोडी आहे. तेवढी मोठी, तेवढी ताठ भांडी तोवर हाताला बसली होती याचा तो तारखेसकट पुरावा आहे.

कारागिरांच्या भाषेत केओलिन म्हणजे हाड आणि दगडाचं पीठ म्हणजे मांस. ही तुलना आपल्यापर्यंत पोचली ती आंत्रकोल नावाच्या फ्रेंच पाद्र्यामुळे. त्याने १७१२ आणि १७२२ साली जिंगदेझेनविषयी दोन लांबलचक पत्रं लिहून ही सगळी कृती युरोपला कळवली. प्रमाणंही दिली: उत्तम भांड्याला दोन्ही निम्मं निम्मं, मध्यम भांड्याला ४ भाग केओलिन आणि ६ भाग दगड, अगदी साध्याला १ भाग केओलिन आणि ३ भाग दगड. हाड वाढवलं की भांडं भट्टीत ताठ राहतं, पण पक्कं व्हायला आच जास्त लागते आणि अर्धपारदर्शकपणा कमी होतो. मांस वाढवलं की ते लवकर काचेसारखं होतं, पण कलंडतं. पुढच्या सगळ्या भानगडींचं मूळ या तोलात आहे.

दगडाचं पीठ कसं होतं

जिंगदेझेनजवळच्या सानबाओच्या ओढ्याकाठी अजून पाणचक्कीचे हातोडे दिसतात. पाण्याचं चाक आडवा दांडा फिरवतं, दांड्यावरच्या खुंट्या लाकडी हातोड्यांची शेपटी दाबतात आणि सोडतात, आणि हातोडा दगडाने भरलेल्या उखळात आदळतो. आपल्या ढेकीवर पोहे कांडायचे तशीच ही रचना. ओढ्याला पाणी भरपूर असतं तेव्हा हे काम जोरात चालतं.

पीठ पाण्यात ढवळतात. जाड कण तळाला बसतात आणि वरचं दुधासारखं पाणी पुढच्या हौदात जातं. तिथे जे निवळून खाली बसतं तेच कामाचं. ते थोडं सुकवून त्याच्या छोट्या पांढऱ्या विटा पाडतात आणि विटा गावात विकायला येतात. पुढे विटा पुन्हा भिजवायच्या, केओलिन घालायची, गाळायचं, पायाने तुडवायचं, हाताने मळायचं आणि झाकून मुरत ठेवायचं. मुरवल्याने पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचतं आणि माती ताणली तरी चटकन फाटत नाही. कणीक मळून झाकून ठेवतो त्यामागेही हेच कारण आहे.

मळण्याचा खरा हेतू हवा बाहेर काढण्याचा आहे. आत अडकलेला बुडबुडा चाकावर भिंतीत गाठीसारखा लागतो आणि भट्टीत फुगून फोड आणतो. कार्यशाळेत बहुधा यंत्राने हवा काढलेली, प्लॅस्टिकमध्ये बांधलेली माती देतात. तरीही तारेने गोळा मधोमध कापून पाहा. काप गुळगुळीत असेल तर ठीक, भोकं दिसली तर परत मळा.

चाक

जुनं जिंगदेझेनी चाक मोठं आणि लाकडी असतं. ते जमिनीलगत फिरतं, आणि कारागीर त्याच्यावर ओणवा बसून काठीने गती देतो. पाहुण्यांना विजेचं चाक मिळतं. एका कपाला ४०० ते ५०० ग्रॅम ओली माती पुरे.

सगळ्यात अवघड काम पहिलं: गोळा मधोमध आणणं. तो जरासा जरी बाजूला असला तरी दर फेऱ्याला भिंत एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ होते, आणि तोंड डोलायला लागतं. यात बोटांची ताकद कामाची नसते. कोपर मांडीला टेकवायचं, मनगट ताठ ठेवायचं, आणि हात न हलवता मातीलाच हाताभोवती फिरू द्यायचं. गोळा दोनदा शंकूसारखा वर चढवायचा, दोनदा खाली दाबायचा. तो स्थिर झाला की वरून अंगठा घालून खड्डा करायचा, पण बुडाला निदान १ सेंटीमीटर माती ठेवायची. पुढे तासायला ती लागते.

बूड उघडल्यावर ते बोटांनी मधून बाहेर आणि बाहेरून मध्ये, तीन-चार वेळा दाबून घ्या. ही पायरी नवखे लोक गाळतात आणि त्याची किंमत दोन आठवड्यांनी मोजतात. न दाबलेल्या बुडातले कण सैल राहतात, वाळताना मधोमध इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते. भट्टीत ती आणखी उघडते, आणि मग तिला काहीही औषध नाही.

भिंत वर घेताना एक हात आत, एक बाहेर. बोटं खालून वर सावकाश न्यायची, चाकाच्या एका फेऱ्याला बोट साधारण बोटाच्या रुंदीइतकं वर सरकेल एवढ्याच वेगाने. घाई केली की भिंतीवर मळसूत्री खोबण्या पडतात आणि पातळ जागी ती पिळते. पाणी फक्त बोट घसरण्यापुरतं. ही माती आपल्या काळ्या चिकणमातीसारखी चिवट नसते, पाणी जास्त झालं की पाच मिनिटांत दम सोडते. आतलं साचलेलं पाणी स्पंजने लगेच टिपा.

म्हणूनच जिंगदेझेनमध्ये चाकावर पातळ भांडं करायचा हट्ट कोणी धरत नाही. भिंत ७-८ मिलिमीटर जाड ठेवायची आणि नंतर तासून पातळ करायची, ही तिथली रीत आहे. चाकावर तुमचा कप जाडजूड, ओबडधोबड दिसला तर वाईट वाटून घेऊ नका, तो या पायरीला तसाच असायला हवा.

आणखी एक गोष्ट शिक्षक सांगतात, पण ती पटत नाही: या मातीला स्मरण असतं. ओल्या कपाचं तोंड धक्क्याने लंबगोल झालं आणि तुम्ही ते हळूच गोल केलं, तर वाळल्यावरही ते गोलच दिसेल. भट्टीत मऊ पडल्यावर मात्र ते पुन्हा लंबगोल होतं, कारण दाबामुळे कणांची जी मांडणी झाली होती ती वरवर हात फिरवून मोडत नाही. म्हणून चाकावरून कप उचलताना भिंतीला हात लावायचा नाही. तारेने कापायचा आणि बुडाखालून दोन्ही तळव्यांनी उचलायचा.

वाळणं आणि लहान होणं

ओल्या गोळ्यात वजनाच्या साधारण पाव भाग पाणी असतं. ते गेलं की कण जवळ येतात, आणि भट्टीत कण एकमेकांत वितळून आणखी जवळ येतात. ओल्यापासून भाजून निघेपर्यंत लांबी, रुंदी, उंची सगळीच १५ ते १८ टक्के घटते. १२ सेंटीमीटर तोंडाचा कप शेवटी १० सेंटीमीटरचा होतो. आकारमानाचा हिशोब तर डोळे उघडणारा आहे: ओला असताना ३०० मिलिलिटर मावत असतील तर भाजल्यावर १७५ च्या आसपास. चहाचा मग हवा असेल तर चाकावर तो लहानशा तांब्याएवढा दिसला पाहिजे.

कड पातळ असते म्हणून ती आधी वाळते आणि आधी आकसते. बूड जाड, ओलं, अजून मोठंच. कड ओढते, बूड सोडत नाही, आणि चीर पडते. उपाय साधा आहे. कड थोडी घट्ट झाली की कप पालथा ठेवायचा म्हणजे बुडाला हवा लागते. पंखा किंवा एका बाजूने येणारा वारा टाळायचा. कान जोडायचा असेल तर कान आणि कप यांचा ओलावा सारखा हवा. वाळलेल्या कपाला ओला कान चिकटवला तर तो कारागिराच्या हातचा असला तरी सुटतो.

तासणं

मला विचाराल तर जिंगदेझेनला जाऊन दोन तास फक्त पाहायला काढायचे असतील तर ते तासणाऱ्यासमोर काढावेत. चाकावरचा माणूस फोटोत छान दिसतो, म्हणून सगळे त्याच्याभोवती जमतात. पण भांड्याला रूप येतं ते इथे.

वाळलेलं भांडं चाकावर पालथं बसवतात आणि वाकवलेल्या लोखंडी पट्टीच्या हत्याराने बाहेरून, मग आतून तासतात. कारागीर हत्यारं स्वतः घासून धार लावतो आणि भांड्याच्या वळणाप्रमाणे त्यांचा आकार घडवतो. ८ मिलिमीटरची भिंत ३ वर येते, नाजूक कामात त्याहून खाली. जाडी डोळ्याने दिसत नाही, म्हणून तो मधूनमधून नखाने टिचकी मारून ऐकतो. जाड जागी आवाज बसका येतो, पातळ जागी मोकळा. चूक झाली तर हत्यार आरपार जातं, आणि ते भांडं परत मातीच्या हौदात.

पाहुण्यांचे कप बहुतेक ठिकाणी कार्यशाळेचा कारागीरच नंतर तासतो. यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त ते माहीत असावं. १६३७ सालच्या एका चिनी ग्रंथात एक भांडं पूर्ण होईपर्यंत ७२ हातांतून जातं असं लिहिलं आहे. चाकावरचा वेगळा, साच्यावर बसवून आकार नेमका करणारा वेगळा, रेषा काढणारा वेगळा, रेषांच्या आत रंग भरणारा वेगळा, भट्टी भरणारा वेगळा. त्या गावात एकट्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत भांडं करणं हीच अलीकडची गोष्ट आहे.

निळा रंग

पांढऱ्यावर निळी नक्षी म्हणजे कोबाल्टचं खनिज पाण्यात कालवून कच्च्या अंगावर काढलेलं चित्र, वर पारदर्शक झिलई, आणि मग एकदाच भाजणं. १४ व्या शतकातला गडद निळा इराणकडून आलेल्या कोबाल्टचा होता. त्यात लोह जास्त असल्याने जिथे रंगाचा थर जाड बसला तिथे काळसर ठिपके उमटले. ते ठिपके आज त्या काळाची खूण मानतात.

अर्ध्या दिवसाच्या गटासाठी हीच पायरी सर्वांत चांगली, कारण वाळलेले, तासलेले कप तयार मिळतात आणि तीन तासांत खरंखुरं काम होतं. पण कच्चं अंग हे टीपकागदासारखं असतं. कुंचला टेकवला की पाणी शोषलं जातं, रेघ थांबते. म्हणून आधी पेन्सिलने अगदी हलकं चित्र काढा, पेन्सिल भट्टीत जळून जाते. रेषा एका दमात ओढा. चुकली तर पुसू नका, पुसल्याने निळा डाग पसरतो आणि ओलं अंग उकरतं. वाळू द्या आणि धारदार पात्याने खरवडून काढा.

भाजण्याआधी हा रंग करडा-काळा दिसतो, त्यामुळे किती गडद होईल याचा अंदाज चुकतो. नवखे लोक घाबरून दोन-तीन थर देतात. जाड थर भट्टीत काळा पडतो, आणि कधी झिलई त्याच्यावरून मागे सरकून तिथे खरखरीत, उघडी जागा राहते. वाळलेल्या रेघेवर बोट फिरवून पाहा. रंगाचा उंचवटा बोटाला जाणवला तर तो जास्त झाला.

रेषांच्या आतला फिका-गडद निळा भरणं हे स्वतंत्र शास्त्र आहे. जाड, टोकदार कुंचल्यात पातळ रंग भरून घेतात, थेंब भांड्याच्या अंगावर तरंगत पुढे ढकलतात आणि उरलेला थेंब त्याच कुंचल्याने परत शोषून घेतात. कुंचला क्षणभर थांबला की काठाला ओहोटीची रेघ उमटते. गडद ते फिका अशा पाच पायऱ्या वेगवेगळ्या वाट्यांत ठेवतात आणि कालवायला अनेकदा चहाचं पाणी घेतात, कारण चहातल्या तुरट द्रव्याने रंगाचे कण तळाला न बसता तरंगत राहतात. पहिल्याच दिवशी हे जमत नाही. रेषांचं चित्र काढा आणि मोठे सपाट निळे भाग टाळा, कप देखणा होईल.

झिलई

झिलई म्हणजे भांड्यावर बसलेली काच. जिंगदेझेनची जुनी झिलई पोर्सेलिनच्याच जातीचा दगड आणि चुन्याची राख यांची असे. राख करायची पद्धत खास होती: चुना आणि नेचे यांचे थर रचून पुन्हा पुन्हा जाळायचे. दगडामुळे झिलई अंगाशी जुळते, चुन्यामुळे ती वितळते.

इथे भांडं आधी भाजून घेत नाहीत, कच्च्यावरच झिलई देतात. एक भट्टी वाचते, पण जोखीम वाढते, कारण कच्चं अंग ओलं झालं की पुन्हा माती व्हायला तयारच असतं. म्हणून आधी आत झिलई ओतायची, फिरवायची आणि लगेच ओतून टाकायची. अंग पुरतं वाळू द्यायचं. मग बाहेरून बुडवायचं, दोन-तीन सेकंद, जास्त नाही. आतून-बाहेरून एकदम ओलं केलं तर पातळ कप हातातच ढासळतो. मोठ्या भांड्यावर झिलई फुंकतात: बांबूच्या नळीच्या टोकाला बारीक कापड बांधायचं, ते झिलईत बुडवायचं आणि फुंकायचं, पुन्हा पुन्हा.

झिलई देण्याआधी ओल्या स्पंजने धूळ टिपतात. कपावर तेलकट बोट लागलं असेल तर तिथे झिलई चिकटत नाही आणि भट्टीत मागे सरकून पांढरा, उघडा डाग राहतो. कपावर काम करताना वेफर्स खाऊ नका आणि हाताला क्रीम लावू नका. बुडाची कड शेवटी स्वच्छ पुसतात, नाहीतर वितळलेली झिलई भांड्याला फळीशी कायमचं जोडते.

आच

जुन्या शहरात ‘झेनयाओ’ नावाची भट्टी पाहायला मिळते. आडवं ठेवलेलं अर्धं अंडं डोळ्यांसमोर आणा: तोंडाकडे उंच आणि रुंद, मागे निमुळतं, शेवटी उंच धुराडं. जळण पाइनच्या लाकडाचं, कारण त्याची ज्योत लांब जाते आणि राख कमी उरते. भांडी उघडी ठेवत नाहीत. खापराच्या जाड गोल डब्यांत ठेवून डबे एकावर एक रचतात, म्हणजे राख आणि थेट ज्वाळा लागत नाहीत. भट्टीत सगळीकडे सारखी आच नसते, आणि कारागिरांनी या दोषाचाच उपयोग केला: जास्त आच मागणारा माल तापलेल्या पट्ट्यात, साधा माल मागे.

यंत्र नसताना तापमान कसं कळे? ज्योतीच्या रंगावरून, आणि भोक पाडलेल्या खापरांच्या तुकड्यांवरून. ते तुकडे आत ठेवायचे, आकड्याने एकेक बाहेर ओढायचे आणि झिलई वितळली का पाहायचं. भट्टीचा प्रमुख हा गावातला मानाचा माणूस असे, कारण त्याच्या एका चुकीत अनेक घरांची कित्येक दिवसांची मेहनत जाई.

तुमचा कप गॅसच्या भट्टीत जाईल, पण आतलं रसायन तेच. सुरुवातीला आच अगदी संथ वाढवतात, कारण अंगात उरलेल्या पाण्याची वाफ अडकली तर कप फुटतो. ४५० ते ६०० अंशांमध्ये केओलिनच्या रचनेतच बांधलेलं पाणी निघून जातं, त्यानंतर त्याची पुन्हा माती होऊ शकत नाही. १००० अंशांच्या पुढे भट्टीतली हवा मुद्दाम कमी करतात. अपुऱ्या हवेमुळे मातीतल्या आणि झिलईतल्या किंचित लोहाचा ऑक्सिजन हिरावला जातो, आणि तेच लोह जे मोकळ्या हवेत पिवळट छटा देतं ते आता निळसर-पांढरी छटा देतं. जिंगदेझेनच्या भांड्यांचा तो थंड, किंचित आकाशी पांढरेपणा इथून येतो. मग १३०० च्या आसपास अंग काचेसारखं सांधलं जातं आणि त्यात म्युलाइट नावाच्या खनिजाच्या सुया तयार होतात. आधी सांगितलेल्या केओलिनच्या हाडाचं हे भट्टीतलं रूप.

निवणं तापण्याइतकंच नाजूक आहे. ५७३ अंशांवर क्वार्ट्झचे कण एकाएकी आकार बदलतात. भट्टी घाईने उघडली तर थंड झालेली कड आणि तापलेलं बूड यांच्यात ताण येऊन भांडं तडकतं. वाळण्याचा आठवडा, तासणं, झिलई, भट्टी भरेपर्यंतची वाट, भाजणं, निवणं, पॅकिंग: तीन-चार आठवडे हा प्रामाणिक अंदाज आहे. दोन दिवसांत देतो म्हणणाऱ्याला विचारा की तो तुमचाच कप देणार आहे का.

गटासाठी दिवस कसा लावावा

आता नानछांग आणि हुआंगशानहून वेगवान रेल्वे जिंगदेझेनला येते. तो मार्ग डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. हातात एकच दिवस असेल तर सकाळी जुन्या भट्ट्यांचं संग्रहालय, कारण तिथे कारागीर ओळीने बसून एकेक पायरी प्रत्यक्ष करून दाखवतात आणि दुपारच्या कामाचा अर्थ लागतो. दुपारी कार्यशाळा. दुसरा दिवस असेल तर राजभट्टीची जागा, झूशान. मिंग काळात (१३६८ ते १६४४) राजवाड्याच्या पसंतीला न उतरलेली भांडी तिथेच फोडून पुरत. त्या ढिगाऱ्यांतले तुकडे जोडून उभी केलेली भांडी पाहिली की ‘किंचित वाकडं’ या शब्दाचा तिथला अर्थ कळतो. संध्याकाळी ताओशीछ्वान, म्हणजे जुन्या सरकारी पोर्सेलिन कारखान्याच्या इमारतींतलं तरुण कलाकारांचं संकुल.

कार्यशाळा ठरवताना चार गोष्टी विचारा. चाकं किती आणि एका शिक्षकामागे किती जण? सहा-सातच्या वर गेले तर गोळा मधोमध आणायला शिक्षक पोचतच नाही. तासणार कोण? भाजण्याचे आणि पाठवण्याचे पैसे धरलेत का? कप भट्टीत फुटला तर दुसरा देणार की नाही? वीस-पंचवीस जणांचा गट असेल तर अर्ध्यांना चाकावर आणि अर्ध्यांना रंगवायला बसवून मध्ये अदलाबदल करा. चाकाजवळ वाट पाहत उभं राहण्यात सहलीचा निम्मा वेळ जातो. नखं कापा, अंगठ्या काढा आणि कपाच्या बुडावर नाव पेन्सिलने नाही, सुईने कोरा.

खरेदीत एक सावधपणा हवा. बुडाखाली सम्राटाच्या राज्यकाळाचा शिक्का म्हणजे त्या काळचं भांडं नव्हे. जुन्या शिक्क्यांची नक्कल शेकडो वर्षं चालत आली आहे, काही वेळा आदराने, काही वेळा फसवायला. छंगहुआ या मिंग सम्राटाच्या काळातला (१५ वं शतक) कोंबड्यांचं चित्र असलेला एक छोटा कप २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरना गेला, तेव्हा तशा कपांच्या नकला रस्त्यावर किती असतील याचा विचार करा. आवडलं म्हणून घ्या, जुनं म्हणून घेऊ नका. जेवणाच्या ताटवाट्या घ्यायच्या असतील तर झिलईखालची निळी नक्षी निवडा. लाल, गुलाबी, पिवळी नक्षी बहुधा झिलईवर काढून ७५० ते ८०० अंशांवर दुसऱ्यांदा भाजलेली असते. ती बोटाला किंचित उंच लागते, घासल्याने झिजते, आणि तिच्या रंगात शिसं असू शकतं. ती शोभेला ठेवा. खरी जुनी भांडी डोळ्यांखालून घालायची असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातून आलेलं चिनी दालन आहे. जिंगदेझेनला जायच्या आधी तिथे एक दुपार काढली तर तिकडे पाहताना नजर तयार असते.

कप घरी आला की आधी रिकामा तळहातावर ठेवून टिचकी मारा. नाद लांबला तर तो अखंड आहे. खरखरीत, तुटका आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे, तो पेन ठेवायला वापरा. मग पालथा करा. बुडाची उघडी कड टेबलावर ओरखडे काढेल, म्हणून पाण्यात भिजवलेल्या बारीक सॅंडपेपरवर ती गोल फिरवून गुळगुळीत करून घ्या. कोरडी घासू नका, त्या पिठाची धूळ फुप्फुसाला वाईट. कड धुतल्यावर नीट पाहा. झिलई नसलेली तेवढीच जागा आहे, आणि चिनी मातीचं उघडं अंग तुम्हाला तिथेच दिसेल.